मोटरला लावलेला कान

३ फेब्रुवारी

प्रिय टाचणी,

शाळेतून आल्यावर आपण मशीनपाशी बसायचो ती वेळ तुला आठवते का? तशा दुपारी शेकडो झाल्या असतील, पण माझ्या मनात त्या सगळ्यांची मिळून एकच दुपार झाली आहे. आई मशीनवर बसलेली, मी समोरून कापड धरलेलं, आणि तू मशीनच्या मागे उभी. बाबांनी पायाच्या मशीनला नुकतीच मोटर बसवून आणली होती. काळी, मुठीएवढी. अर्धा तास चालली की हाताला चांगली गरम लागायची. त्या दिवशी तुझा कान ठणकत होता. तू रडत नव्हतीस, मान एका बाजूला कलती धरून नुसती उभी होतीस. मी म्हणाले, "मोटरला लाव की. शेक बसेल." तू कान लावलास, डोळे मिटलेस आणि म्हणालीस, "ताई, आत कुणीतरी गुणगुणतंय." आई इतकी हसली की तिची शिवण वाकडी गेली.

मग ती सगळी थंडी तुझा तोच नेम झाला.

काल तुझ्या मुलाने पाठवलेल्या तुझ्या डोक्याच्या फिल्म आल्या. खिडकीच्या काचेवर धरून पाहिल्या. तीस वर्षं क्ष-किरण विभागात काढलेल्या बाईला कुणी काही समजावून सांगावं लागत नाही. ऑपरेशनमध्ये गाठ निघाली तेवढी काढली, असं तो लिहितो. 'निघाली तेवढी' म्हणजे काय ते मला माहीत आहे. तो मला विचारतो, "मावशी, आता पुढे काय?" मी त्याला काय लिहू?

तुला मात्र लिहिते, आणि हे तू ऐकायचंच आहेस. एक, मोबाइल कानाला लावायचा नाही. म्हणूनच मी फोन करत नाही, पत्र लिहितेय. दोन, तुझ्या पलंगाची उशाकडची बाजू ज्या भिंतीला आहे, तिच्या पलीकडे इमारतीच्या विजेच्या मीटरांची खोली आहे. पलंग आजच्या आज हलवायचा. तीन, मशीनला हात लावायचा नाही. शिलाईच्या वर्कशॉपमधलं तर सोडच, घरच्यालाही नाही. मोटर काढून ठेवायला सांग.

का ते विचारू नकोस. मी एक मोजायचं यंत्र मागवलं आहे. कळवते.

तुझी,
ताई

११ फेब्रुवारी

ताई,

तुझ्या हुकमांची तामिली झाली. पलंग आता खोलीच्या मधोमध आहे, स्टेजवर ठेवल्यासारखा. सून केर काढताना त्याला प्रदक्षिणा घालते. मोबाइल मुलाच्या खिशात. मोटर काढून बुटाच्या खोक्यात ठेवली आहे. पोस्टमन तेवढा खूश आहे, म्हणाला, "आजी, तुमच्यामुळे माझी नोकरी टिकली."

आजी म्हणाला मेला. डोक्यावर केस नाहीत म्हणून असेल.

रोज सकाळी मला किरणांच्या मशीनखाली झोपवतात. तोंडावर जाळीचा मुखवटा घट्ट बसवतात, डोकं हलू नये म्हणून. तिथल्या मुलीला मी म्हटलं, माझी बहीण तुझ्याच जातकुळीतली. ती म्हणाली, मग त्या का नाही आल्या? मी म्हटलं, गुडघे. गुडघेच ना गं?

मोटर काढली त्याचं मात्र वाईट वाटलं. एक कोट अर्धा राहिला आहे. कुणाचा ते सांगणार नाही. चाक हाताने फिरवून शिवते, बोटभर शिवण झाली की दमते. पण मशीनला हात लावायचा नाही हा तुझा तिसरा हुकूम मी मोडला आहे, तेव्हा काय शिक्षा असेल ती कळव. शाळेतल्या आपल्या शिवणाच्या सिस्टर असत्या तर त्यांनी मलाच शाबासकी दिली असती.

आणि हो, हॉस्पिटलमध्ये एक बाई भेटली, फॉर्मवाली. घरात आणि कामावर विजेच्या यंत्रांभोवती जे चुंबकीय क्षेत्र असतं, त्याचा अशा गाठींशी काही संबंध आहे का, ते तिचे लोक तपासत आहेत. आजारी माणसं आणि धडधाकट माणसं, दोघांनाही तेच प्रश्न विचारतात. कुठे राहिलात, कुठे काम केलंत, कोणतं यंत्र शरीराच्या कोणत्या भागाला किती जवळ होतं. मी विचारलं, "माझी कशाने झाली?" ती म्हणाली, "एकट्या तुमची कशाने झाली ते कुणालाच सांगता येणार नाही. काही पाहण्यांत थोडासा संबंध दिसतो, काहींत काहीच दिसत नाही. म्हणून तर इतक्या जणांना विचारतोय." सरळ बोलली, मला आवडली. लहानपणाची पानं माझ्यापेक्षा मोठ्या कुणीतरी भरावीत, असं तिचं म्हणणं. तेवढी सोबत पाठवते आहे. भरून परत पाठव, खाली सही मी करेन. नाहीतर घेऊनच ये.

ये ना.

टाचणी

१९ फेब्रुवारी

प्रिय टाचणी,

फॉर्म भरला. जागा पुरली नाही, चार कागद वेगळे जोडले.

ते चुंबकीय क्षेत्र मोजायचं यंत्र आलं आहे. साबणाच्या वडीएवढं, समोर आकडे दिसतात. आठ दिवस मी ते हातात धरून घरभर फिरतेय. मिक्सरजवळ आकडा चढतो, फ्रिजच्या मागे चढतो, हातभर मागे सरकलं की एकदम पडतो. खालच्या मजल्यावर एक शिंपीणबाई आहे, तिच्याकडेही गेले. तिच्या मशीनची मोटर आपल्यासारखीच. यंत्र हातभर लांब धरलं तेव्हा जवळजवळ काही नव्हतं. मग मोटरला टेकवलं. आकडा असा धावत सुटला की तीच घाबरली. म्हणाली, "बाई, काय निघालं?" मी म्हटलं, काही नाही.

टेकवलेलं होतं ना गं. तुझा कान मोटरला टेकवलेला होता.

तीस वर्षं माझ्या छातीवर बिल्ला होता. किती किरण अंगात गेले, ते दर तीन महिन्यांनी मोजलं जायचं. वर शिशाचा एप्रन. काही झालं तर ते मलाच होणार, हे मी धरून चालले होते, माझ्यामागे तुझ्यासाठी म्हणून कागदपत्रंसुद्धा तयार करून ठेवली होती. आणि तू? शाळा सुटली ती मशीनवर बसलीस. आधी आईच्या, मग वर्कशॉपमध्ये अठ्ठावीस वर्षं. तुला कुणी बिल्ला दिला नाही.

आता खरं काय ते लिहिते. गाठ डावीकडे आहे, कानाच्या थोडी वर. कान डावाच होता. मला लख्ख दिसतंय. डावी वेणी पुढे घेतलेली, डावा गाल मोटरवर. आणि "लाव की" म्हणणारी मी.

फॉर्ममध्ये तसंच लिहिलं आहे. 'बाजू : डावी. कालावधी : एक हिवाळा, रोज. कुणी सुचवलं : मोठ्या बहिणीने.' शेवटचा प्रश्न फॉर्मात नव्हता, मी लिहिला. तू खाली सही कर आणि त्या बाईला दे. निदान कुठेतरी नोंद होऊ दे.

गुडघे बरे नाहीत. इतक्यात येणं जमणार नाही.

ताई

२ मार्च

ताई,

मी सही करणार नाही.

कान उजवा होता.

तुझं पत्र सुनेने वाचून दाखवलं, मग मी स्वतः वाचलं, मग परत वाचलं. तू इतके दिवस हे उराशी घेऊन बसलीस आणि मला काय लिहिलंस तर पलंग हलव! मी आपली समजत होते, ताईला रिटायर झाल्यावर करमत नाही, म्हणून फर्मानं काढते आहे.

कान उजवा होता गं. तू आधी फिल्म पाहिलीस, मग कान आठवलास. त्या फॉर्मवाल्या बाईला मी विचारलं, असं होतं का? ती म्हणाली, फार होतं. आजारी माणसाच्या घरचे लोक रात्रंदिवस कारण शोधत असतात, त्यांना सगळं जास्तच आठवतं. धडधाकट माणसाच्या घरच्यांना काही आठवत नाही. मग दोन फॉर्म शेजारी ठेवले की वाटतं, आजाऱ्यांच्या घरातच यंत्रं जास्त होती. म्हणून ती दोनदोनदा विचारते.

पुरावा मागू नकोस. मी सांगितलं तर ते माझं आठवणं होईल, आणि तू म्हणशील, टाचणी माझी समजूत काढतेय. आपण शाळेत कशा जायचो तेवढं आठव. ऊठ आणि चालून बघ.

तू म्हणशील, डावा काय नि उजवा काय. मला फरक पडतो. वर्कशॉपमध्ये माझ्यामागे सत्तावीस जणी बसतात. माझ्या शेजारची, ती जाडी, पोटात दुखेपर्यंत हसवणारी, ती परवा भेटायला आली. दाराशी उभी राहून हळूच विचारते, "आपल्या मशीनमुळे गं?" मी म्हटलं, माहीत नाही. तिला खरं उत्तर हवं आहे. मशीनमुळे असेल तर तसं निघू दे, आणि नसेल तर तिची झोप उगीच का उडवायची? तू रडून भरलेल्या फॉर्ममधून तिला ते कसं मिळणार?

माझे शब्द हल्ली निसटतात. सकाळी सुनेकडे ती, कापायची, दोन पायांची, ती मागत होते. तिने चिमटा आणून दिला. दोघी हसलो. मग ती आत गेली आणि बराच वेळ आली नाही.

कोटाचा एक खांदा झाला. दुसरा कठीण आहे.

गुडघ्यांना म्हणावं, डॉक्टरांनी माझ्या मुलाला उन्हाळ्यापर्यंतचीही हमी दिलेली नाही. मी विचारलंही नाही. तू ये.

टाचणी

९ मार्च

टाचणी,

कान डावा होता.

माझं सगळं आयुष्य डाव्याउजव्यात गेलं आहे. फिल्मवर शिशाची दोन अक्षरं ठेवायची, एल आणि आर, म्हणजे डॉक्टरांनी भलत्या बाजूला सुरी घालू नये. तीस वर्षांत एकदा, एकदासुद्धा माझं अक्षर चुकलं नाही. आणि तू मला सांगतेस, चालून बघ?

तू मला वाचवायला बघतेस. लहानपणापासूनचीच खोड आहे तुझी. फुलदाणी मी फोडली तेव्हा सिस्टरसमोर हात तू पुढे केलास. पण हे काही फुलदाणीचं प्रकरण नाही. मला वाचवून घ्यायचं नाही.

आणि लिहू नये ते लिहिते. तुला आता नीट आठवत नाही. तुझ्या स्मरणशक्तीवर विसंबता येणार नाही, आणि का येणार नाही ते तुलाही माहीत आहे. तू सही केली नाहीस तर ते कागद मी परस्पर हॉस्पिटलला पाठवेन. नक्कल माझ्याकडे आहे.

मी तुझ्यासाठी एवढंच करू शकते. हेही करू देणार नाहीस?

ताई

२८ मार्च

आदरणीय मावशींस,

सप्रेम नमस्कार. मी तुमची भाचेसून हे पत्र लिहीत आहे. आईंना न सांगता लिहिते आहे, तरी रागावू नये.

तुमचं नऊ तारखेचं पत्र आईंनी वाचलं, घडी घालून उशाखाली ठेवलं आणि दोन दिवस कोटाला हात लावला नाही. मी समजले, रुसल्या आहेत. तिसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी त्यांना झटका आला. आठवडाभर हॉस्पिटलात होतो. आता घरी आणलं आहे. डॉक्टर म्हणाले, घरीच राहू दे.

बोलणं फार कमी झालं आहे. समजतं सगळं, पण शब्द भलताच येतो आणि मग त्यांना स्वतःचाच राग येतो. कधी एखादा तास बरा जातो, तेव्हा अगदी पूर्वीसारख्या बोलतात, मला चिडवतात. त्या तासाची आम्ही वाट बघत असतो. तुमचे भाचे दोन दिवस कामावर गेलेले नाहीत, आईंच्या पायाशी बसून असतात. मी आपली डावीकडे स्टूल घेऊन वर्तमानपत्र वाचून दाखवते. उजवीकडे बसून उपयोग नाही. तो कान लहानपणी फुटल्यापासून त्यांना त्या बाजूने जवळजवळ ऐकू येतच नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं! सुरुवातीला मला माहीत नव्हतं. लग्न झाल्यावर महिनाभर मी उजवीकडून हाका मारायची आणि मनात म्हणायची, सासूबाई चांगल्याच तोऱ्यात आहेत.

मावशी, तुमच्यात काय झालं ते मी विचारत नाही. पण दारावरची बेल वाजली की त्या मान वळवतात. पोस्टमन असला की परत भिंतीकडे बघतात.

आपली,
सून

२ एप्रिल

माझ्या टाचणी,

हे सूनबाई तुला वाचून दाखवेल. डावीकडे बसून.

तिचं पत्र मी उभ्यानेच वाचलं आणि मग बाहेरच्या लांब व्हरांड्यात जाऊन चालले. तू सांगितलं होतंस तशी. शेजारच्यांना वाटलं असेल, बाईचं डोकं फिरलं. मी हात पुढे केला, तुझा हात धरायला. कोणता ते ठरवलं नव्हतं. उजवा पुढे झाला. माझा उजवा हात, तुझा डावा. मी नेहमी तुझ्या डाव्या बाजूला, कारण उजवीकडून बोललं की तू "काय?" म्हणायचीस. उजवा हात तुझ्यात अडकलेला, म्हणून आपली दोन्ही दप्तरं माझ्या डाव्या खांद्यावर. प्रार्थनेच्या रांगेत तेच, बागेत तेच. माझा डावा खांदा अजून उतरता आहे. गेली चाळीस वर्षं माझा प्रत्येक कपडा बेतताना तो खांदा तू अर्धं बोट खाली घेतेस, आणि मी तुला उगीच विचारत असते की तुझ्याच कपड्यांत मी सरळ कशी दिसते.

फुटला तो उजवा कान. शेकला तो उजवा कान. डावी वेणी, डावा गाल, सगळं मी रचलं, फिल्म बघून. आणि ते मला लख्ख दिसत होतं गं! अजूनही डोळे मिटले की डावाच दिसतो. तीस वर्षं अक्षरं बरोबर ठेवणारी मी, माझ्या सख्ख्या बहिणीवर उलटं ठेवलं.

कागद हॉस्पिटलला पाठवले नव्हते. पाकिटावर पत्ता घालून टेबलावर ठेवले होते, एवढंच. आता दुरुस्त केले आहेत. आपल्याला शिकवलं तसं, खाडाखोड न करता, 'डावी'वर एक सरळ रेघ, शेजारी 'उजवी', आणि सही. 'कुणी सुचवलं' ही ओळ काढून टाकली. ती कुणी विचारलीच नव्हती.

वाटलं होतं, हे कळल्यावर सुटल्यासारखं होईल. तसं झालं नाही. आधी निदान रागवायला कुणीतरी होतं, मी होते. माझ्यामुळे झालं म्हटलं की वाटायचं, काहीतरी माझ्या हातात होतं, अजूनही असेल, पलंग हलवला, मोटर काढली, फोन तोडला की ते मागे फिरेल. आता काय करू? दोष नाही, इलाज नाही, आणि तू तिथे मान वळवून दाराकडे बघतेस. दोन महिने, टाचणी. माझ्याकडे दोन महिने होते, आणि मी ते भिंती मोजण्यात घालवले. फोनसुद्धा तोडला मी. तुझा आवाज चांगला होता तेव्हा मी तो ऐकला नाही.

गुडघ्यांचं खोटं होतं. गुडघे धड आहेत. तुझ्यासमोर यायची छाती होत नव्हती.

स्मरणशक्तीबद्दल मी जे लिहिलं ते पत्र उशाखालून काढून जाळायला सांग. माफी मागत नाही, ती येऊन मागेन.

गुरुवारच्या सकाळच्या गाडीचं तिकीट काढलं आहे. तोवर काहीही करू नकोस. कुठेही जाऊ नकोस. मोठ्या बहिणीचा हुकूम आहे. हा एक शेवटचा ऐक.

ताई

५ एप्रिल

ताई,

हे सून लिहिते आहे, मी सांगते आहे. आज तास बरा आहे. किती टिकेल माहीत नाही, म्हणून मधे बडबड नको, असं तिला बजावलं आहे. शब्द अडला तर तिने सुचवायचा, पण चुकीचा सुचवला तर चिमटा मिळेल.

तुझं पत्र ऐकलं. गुरुवार लांब आहे. तू ये, पण मी आधीच सांगून ठेवते.

मोठी कात्री वर्कशॉपच्या जाडीला. धार लावून द्या, तिला लावता येत नाही. शिवताना बोटात घालायची टोपणंही तिलाच.

तुझं मोजायचं यंत्र वर्कशॉपला. तू स्वतः जा. सत्तावीस मशीनं मोज, बायका बसतात तिथून मोज, टेकवून नाही. आकडे कागदावर लिही, एक प्रत त्यांना दे, एक फॉर्मवालीला. अर्थ तू लावू नकोस. घाबरवू नकोस, धीरही देऊ नकोस.

फॉर्म आणशील त्यावर माझी सही राहिली आहे. मी नसेन तर मुलाने करावी, आणि आधी वाचून मग करावी.

मशीन सुनेला. मोटर बुटाच्या खोक्यात आहे. ती बसवायची की मशीन पायानेच चालवायचं ते तिने ठरवायचं. तू नाही, मुलानेही नाही. (मावशी, हे मी लिहिणार नव्हते, पण आई म्हणतात लिही.)

पलंग परत भिंतीशी लावा. मधोमध मला एकटं वाटतं.

तुझी पत्रं मुलाला, नऊ मार्चचं सोडून. ते जाळलं नाही. ते तुला परत. फाडायचं तर तू फाड. माझा राग नाही. तू घाबरली होतीस, मला ओळीओळीत ऐकू येत होतं.

कोट तुझा आहे. उजवा खांदा माझा शिवलेला. डावा धावदोऱ्याने नुसता टाचला आहे, माझ्या हातून झाला नाही. जाडीकडून पुरा करून घे, पण तिला सांग, हा अर्धं बोट खाली. नाहीतर ती सरळ शिवेल आणि तुला बसणार नाही.

पलंगाच्या डावीकडे खुर्ची ठेवायला सांगितली आहे, स्टूल काढून. हाताची खुर्ची, तुला उठताना धरायला. तिच्यावर कपडे टाकू नयेत, पाहुण्यांना बसवू नये, मी असले तरी, नसले तरी.

ती ताईला.